चेर्नोबिलचा घुमट फुटला, पण टिंक्चर फासू नका

आमच्या मंगळवार पेठेतल्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'चेर्नोबिलचा घुमट फुटला, विषारी ढग येतोय, गळ्याला आयोडीन लावा.' शेजारच्या काकूंनी काल नातवाच्या गळ्याला खरंच टिंक्चर फासलं. पोराची कातडी लालभडक झाली, म्हणून लिहितोय.

युक्रेनमधल्या चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा 1986 मध्ये स्फोट झाला होता. मेसेजमधला 'घुमट' म्हणजे तिच्यावर झाकलेली कमान. 14 फेब्रुवारी 2025 ला ड्रोन आदळून त्या कमानीला भोक पडलं, हे खरं. पण बाहेर किरणोत्सर्ग वाढल्याचं मोजणीत दिसलं नाही. शिवाय आयोडीनचा उपाय असतो तो किरणोत्सारी आयोडीनवर, आणि ते दर 8 दिवसांनी निम्मं होतं. 1986 चं केव्हाच संपलं. मग टिंक्चर कशासाठी?

खरी काळजी गंजाची आहे. 108 मीटर उंच, 36,000 टनांची ही पोलादी कमान 2016 मध्ये रुळांवरून सरकवत जुन्या काँक्रीटच्या कवचावर आणली. तिच्या दोन आवरणांमधली हवा कोरडी ठेवायची, म्हणजे पोलाद 100 वर्षं टिकेल, असा हिशेब. पावसाळ्यात आपल्याकडं पत्र्याची काय गत होते ते बघताच की! ड्रोननंतर आतलं अस्तर कित्येक दिवस धुमसत राहिलं, विझवायला जवानांना आणखी भोकं पाडावी लागली. ते कोरडेपण गेलं. आणि किरणोत्सर्गामुळं तिथं माणसाला फार वेळ थांबून दुरुस्तीचं काम करता येत नाही.

काकू, पोराला आधी डॉक्टरांकडं न्या. मेसेज पुढं पाठवू नका.