प्रोआबद्दलचा तो फॉरवर्ड

मुंबईतल्या शिडाच्या होड्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय: "प्रोआ कॅटमरानच्या निम्म्या खर्चात होते, तिच्याहून वेगानं पळते, उलटत नाही, कंपन्यांनीच ती दाबून ठेवली." प्रोआ म्हणजे एक लांब मुख्य होडी आणि तिच्या एका बाजूला जोडलेली लहान उलांडी; कॅटमरान म्हणजे दोन सारख्या होड्या शेजारी जोडलेल्या. प्रोआ मला मनापासून आवडते, म्हणूनच हे खोडायला हवं.

खर्च. पॅसिफिक प्रोआत डोलकाठी मुख्य होडीवर आणि उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूला. ताण नेहमी एकाच बाजूनं येतो, म्हणून बांधणी हलकी होते. इथवर मजकूर बरोबर. पण डोलकाठी, शिडं, दोर ओढायचे विंच तेवढेच लागतात. दोन्ही टोकं आळीपाळीनं पुढे जातात, म्हणून दोन्हीकडे सुकाणूची सोय करावी लागते. निम्मा खर्च कुठून येणार?

वेग. वजन आणि रुंदी सारखी धरून हिशेब करा. उलटण्याआधी कॅटमरानला वाऱ्याकडच्या अर्ध्या वजनाचा आधार असतो. प्रोआची उलांडी एकूण वजनाच्या पाव भागाची असेल, तर आधार निम्माच, म्हणजे शीडही आधी कमी करायचं. ते टाळायला उलांडीत पाणी भरतात, किंवा हॅरीप्रोआ या प्रकारासारखी राहायची जागाच वाऱ्याकडे ठेवतात. उपाय उत्तम, पण पाणी भरलं की हलकेपणा गेला.

"उलटत नाही" हे सगळ्यात घातक. वारा अचानक दुसऱ्या बाजूनं आला, तर शीड डोलकाठीवर आपटतं, तिला त्या बाजूनं दोरांचा आधार नसतो आणि उलांडी पाण्याखाली दाबली जाते. प्रोआ बांधणाऱ्या रसेल ब्राउननं आपल्या प्रोआंना वाऱ्याआडच्या, म्हणजे वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला फुगीर केबिन दिली, ती यासाठीच. मजकुरात १९६८ च्या अटलांटिक शर्यतीत तिसऱ्या आलेल्या 'चिअर्स' या प्रोआचा दाखला आहे. तिची उलांडी वाऱ्याआड होती, म्हणजे रचनाच उलटी. आणि चाचण्यांत तीही उलटली होती!

कंपन्यांच्या कटाला पुरावा काही दिलेला नाही.

मुंबई बंदरात खरा प्रश्न दिशा बदलण्याचा. कॅटमरान नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यातून फिरवून पुढे निघते. प्रोआत मात्र उलांडी वाऱ्याकडेच राहावी म्हणून शीड ढिलं सोडायचं, होडी वाऱ्याला आडवी थांबवायची, एक सुकाणू उचलून दुसरं टाकायचं, पुढचं शीड गुंडाळून दुसऱ्या टोकाचं उघडायचं आणि उलट्या दिशेनं निघायचं. गेटवे-मांडवा मार्गावर ओहोटीचा जोर, लाँचा आणि जाळी असताना दर वेळी वेग शून्यावर आणणं धोक्याचं. उघड्या समुद्रात तासन्‌तास एकाच वाऱ्यावर जाताना ही अडचण येतच नाही. २०२२ मध्ये रायन फिन हा दर्यावर्दी ब्राउनच्याच 'जझेरो' या प्रोआवरून एकटा दक्षिण अमेरिकेच्या टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालून न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला पोचला. मालवणपर्यंत लांब पल्ला मारायचा असेल तर प्रोआ जरूर बांधा. रविवारी मांडव्याला जाऊन यायचं असेल तर कॅटमरानच घ्या.