८ फुटी बोर्ड लाटेखाली दाबला जात नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

फुटत्या लाटांतून सर्फबोर्ड बाहेर कसा न्यायचा, या लेखावर खानापूरच्या एका वाचकांची नाराजीची प्रतिक्रिया आली आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: सांगितल्याप्रमाणे बोर्डासकट पालथं झालो (बोर्ड वर, आपण पाण्याखाली), तरी बोर्ड हातातून सुटला आणि तोंडावर आपटला. व्हिडिओतली मुलं बोर्ड लाटेखाली दाबून सरळ पलीकडे निघतात, ते का शिकवत नाही? तालमीतलं अंग असूनही जमत नसेल तर पद्धतच चुकीची आहे. त्यापेक्षा बोर्ड सोडून आपण बुडी मारलेली बरी.

दादा, मार लागल्यावर राग येणारच. पण शेवटचा मुद्दा मी आधी घेतो, कारण त्यात दुसऱ्याचा जीव आहे. तुमचा बोर्ड ८ फुटी, आणि तो पायाला बांधून ठेवणारी दोरी, म्हणजे लीश, साधारण तेवढीच. म्हणजे बोर्ड सोडला की तुमच्या मागे १६ फुटांपर्यंत तो फेकला जाऊ शकतो, आणि लीश ताणली गेली की आणखी थोडा पुढे. त्या टप्प्यात सुट्टीच्या दिवशी पोरंबाळं कमरेएवढ्या पाण्यात खेळत असतात. लीश तुटली तर बोर्ड थेट त्यांच्यात जातो. अगदीच नाइलाज झाला, लाट डोक्यावर आली आणि मागे कुणी नाही याची खात्री असली, तरच सोडायचा. रोजची पद्धत म्हणून कधीच नाही.

आता व्हिडिओतल्या मुलांचं. त्यांचे बोर्ड लहान, ३० लिटरच्या आसपासचे. भाड्याने मिळणारा ८ फुटी फोमचा बोर्ड ७०-८० लिटरचा असतो. बोर्ड पूर्ण बुडवायचा तर जितके लिटर पाणी तो बाजूला सारतो, जवळजवळ तितक्या किलोचा जोर त्याच्यावर द्यावा लागतो. बोर्डाचं स्वतःचं ५-७ किलो वजन तेवढं वजा. लहान बोर्डावर हा जोर हातांनी आणि मागच्या गुडघ्याने देता येतो. ७० किलोचा माणूस मात्र ८० लिटरचा बोर्ड दाबू शकत नाही, कारण तो स्वतः पाण्यात शिरला की त्याचं वजनही पाणीच पेलतं. हे दंड-बैठकांनी सुटणारं गणित नाही. म्हणून मोठ्या बोर्डाला पालथं होणं हाच मार्ग.

ते का फसलं असावं, तेही पाहू. बहुतेक वेळा दोष कोनात असतो. बोर्डाचं टोक लाटेकडे अगदी सरळ हवं. थोडंही तिरकं असलं की फेस कडेवर आदळतो आणि बोर्ड हातातून पिळवटून निघतो. तिथे पैलवानाची पकडही टिकत नाही. दुसरा दोष वेळेचा. लांबून लाट दिसली की लोक घाबरून लवकर उलटतात, वेग मरतो, आणि थांबलेला बोर्ड लाट उचलून किनाऱ्याकडे नेते. फेस एका बोर्डाच्या लांबीवर येईपर्यंत जोरात हात मारत राहायचं. मग खांद्यांच्या थोडं पुढे दोन्ही कडा घट्ट धरायच्या, श्वास घ्यायचा, कुशीवरून पालथं व्हायचं. आता बोर्ड वर, तुम्ही खाली. कोपरं वाकलेली ठेवा, टोक किंचित खाली ओढा. टोक वर राहिलं तर लाट त्याच्या खालून शिरून बोर्ड उचलते. पाय खाली सोडा, ते नांगरासारखे धरून ठेवतात. हात ताठ ठेवले तर पहिल्या धक्क्याला बोर्ड सुटतो आणि उलटा येऊन तोंडावर बसतो. तुमचं बहुधा हेच झालं असावं. तोंड एका कुशीला वळवा, बोर्डापासून वीतभर अंतर राखा. खेच कमी झाली की लगेच सुलटं होऊन हात मारायला लागा. दम खात बसलात तर पुढची लाट गाठतेच.

आणखी एक: अंगाला खोबरेल किंवा सनस्क्रीन लावून कडा धरल्या की बोर्ड साबणासारखा सुटतो. पाण्यात शिरण्यापूर्वी तळहात ओल्या वाळूने घासा.

गुडघ्याएवढ्या फेसाला उलटायची गरजच नाही. कडा धरून छाती उचला, फेस तुमच्या आणि बोर्डाच्या मधून निघून जातो. आणि चालत जाताना बोर्ड बाजूला, टोक समुद्राकडे. तो तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आडवा कधी येऊ देऊ नका. बरगड्यांना लागतं ते तिथेच.

खरं तर बाहेर पोचण्याचा अर्धा भाग वाळूवर उभं राहूनच होतो. लाटा झुंडीने येतात, मध्ये थोडी उसंत असते. दहा-पंधरा मिनिटं बघत राहा: लाटा कुठे फुटतात, कुठे फुटतच नाहीत. न फुटणाऱ्या, काळपट दिसणाऱ्या पट्ट्यात पाणी बहुतेक बाहेर वाहत असतं. सरावाचा माणूस त्यावरूनच जातो. नवख्याने तिथे एकट्याने शिरू नये, आणि सापडलाच तर त्या प्रवाहाविरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर सरकावं. झुंडीतली शेवटची मोठी लाट गेली की निघायचं.

आपल्या बेळगाव-खानापूरकरांची एक खास अडचण आहे. सकाळी उठून, चहा घेऊन, चोर्ला घाट उतरून उत्तर गोव्यात पोचेपर्यंत दहा-अकरा वाजतात, आणि त्याच सुमारास खारे वारे सुटायला लागतात. मग लाटा वेड्यावाकड्या होतात, उसंत सापडत नाही, आणि पद्धत कितीही घोटली असली तरी माणूस मागे ढकलला जातो. आदल्या रात्री मुक्कामाला जा, किंवा पहाटे साडेतीनलाच गाडी काढा. जून ते सप्टेंबर मात्र नवख्यांनी बोर्डाला हात लावू नये, आणि लाल झेंडा असेल तर कोणत्याही महिन्यात नाही.

पुढच्या खेपेला पाण्यात जाण्यापूर्वी लीशच्या टोकाची बारीक दोरी पाहा. ती इतकी आखूड हवी की बोर्डाच्या कडेवर दोरी नाही, तर रुंद पट्टी टेकेल. दोरी लांब राहिली तर ताण आल्यावर फोममध्ये रुतून कड कापते. भाड्याच्या बोर्डावर हे हमखास दिसतं, बदलून मागा.