‘रोजचीच गाडी न्या की’: एका जुन्या वाचकाला उत्तर

रोज वापरायची गाडी आणि शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायची गाडी या दोन वेगळ्या असाव्यात, असं मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर ‘एक जुना वाचक’ अशा नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. खाली जाऊन शोधत बसायला नको म्हणून इथेच देतो:

‘लेख वाचून करमणूक झाली. लेखकमहाशयांनी ट्रॅक बहुधा दुसऱ्यांच्या गाडीत बसूनच पाहिला असावा. चेन्नई किंवा कोइंबतूरला वर्षाकाठी दोनदा जाणार, त्यासाठी दारात दुसरी गाडी पोसायची हे चोचले कुणाला परवडतात? चांगले पॅड टाका, चांगले टायर टाका, रोजचीच गाडी न्या की. संध्याकाळी तीच घेऊन घरी या. ट्रेलर, पार्किंग, सोसायटी यावर लेखात अक्षर नाही. आणि इन्शुरन्सचा बागुलबुवा दाखवणं बंद करा.’

चौकटीत मावेना म्हणून वेगळं उत्तर लिहितो आहे.

आधी जे मान्य ते मान्य. गाडी ट्रॅकपर्यंत वाहून नेणाऱ्या ट्रेलरवर मी फार कमी लिहिलं. ‘अक्षर नाही’ हे खरं नाही, एक ओळ आहे, पण एका ओळीत उरकण्यासारखा तो खर्च नाही हे कबूल. झालं?

आता ‘करमणूक झाली’. तुम्हाला लेख पटला नाही तर ‘पटला नाही’ असं लिहिता येतं. हा ब्लॉग मी नोकरी सांभाळून लिहितो, त्यावर जाहिराती नाहीत, कुणी मला ब्रेकचे पॅड फुकट देत नाही. इथे मतभेद रोज होतात. मागे टायरच्या हवेवरून दोन वाचक माझ्याशी आठवडाभर भांडले आणि त्यांतल्या एकाने शेवटी स्वतःच्या नोंदवहीचे फोटो पाठवले. त्यांनी कधी ‘महाशय’ म्हटलं नाही. टोपणनाव घेतलं की जीभ सैल सोडायची मुभा मिळते असं काही जणांना वाटतं, त्यांचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

‘दुसऱ्यांच्या गाडीत बसूनच पाहिला असावा.’ या एका वाक्यासाठी मला माझं सगळं पुराण काढावं लागतंय. माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. मामाचं गॅरेज शिवाजी उद्यमनगरात, एका बाजूला लेथ आणि दुसऱ्या बाजूला फाउंड्रीचं साचेकाम. मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथे कार्ब्युरेटरचे जेट पेट्रोलमध्ये बुडवून साफ करणं. स्पॅनरचा नंबर न बघता हातात आला पाहिजे, नाहीतर मामा काही बोलायचा नाही, फक्त हात पुढे धरून ठेवायचा. ज्या गावात पोराला गाडीचा आवाज ऐकून टॅपेट वाजतंय की टायमिंग चेन हे सांगता येतं, त्या गावातून मी आलोय. तेव्हा मला गाड्या माहीत नाहीत असं सुचवताना जरा जपून.

आणि हो, दुसऱ्यांच्या गाडीत मी बसलोय. भरपूर बसलोय. शेजारच्या सीटवर बसून चांगल्या चालकाचे पाय बघणं ही ट्रॅकवरची सर्वांत स्वस्त शिकवणी आहे. तिची लाज वाटावी असं तुम्हाला का वाटलं? ब्रेकवरून पाय कसा हळूहळू सुटत जातो आणि त्याच वेळी स्टिअरिंग कसं वळत जातं, हे बाहेर कठड्यावर बसून दिसत नाही.

माझी ट्रॅकची गाडी २००१ ची होंडा सिटी व्हीटेक आहे. १५०० सीसीचं, १०६ बीएचपीचं इंजिन. इचलकरंजीच्या एका डॉक्टरांकडून घेतली, नवीन स्कूटरला जेवढे पैसे पडतात त्याच्या आसपास. मागची सीट, कार्पेट, दारांची पॅडिंग सगळं काढलं. तळाच्या पत्र्याला आतून आवाज दाबायला डांबरी थर चिकटवलेला असतो. तो हीट गनने मऊ करून छिन्नीने खरवडताना माझ्या उजव्या अंगठ्याचं नख गेलं, पुन्हा आलं ते वाकडं आलं. फोटो टाकू का पुराव्याला?

असो. मुद्द्यावर येतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेत मुद्दा म्हणावा असं एकच वाक्य आहे: चांगले पॅड टाका, चांगले टायर टाका, रोजचीच गाडी न्या.

‘चांगले’ म्हणजे कशासाठी चांगले? चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक साधारण ३.७ किलोमीटरचा. तिथे ताशी १६० वरून ६० वर यायचं म्हणजे ब्रेकमध्ये जी उष्णता ओतली जाते ती ६० वरून सिग्नलला थांबताना ओतली जाते त्याच्या सहापट असते. वेगाचा वर्ग करा, शाळेतलं गणित आहे. शिवाय सिग्नलला एकदा थांबलात की मिनिटभर उभे राहता. ट्रॅकवर तीच डिस्क जरा थंड होतेय तोवर पुढचं वळण येतं, आणि हे वीस मिनिटं चालतं. रस्त्याचे पॅड एवढ्या तापमानाला घसरू लागतात: पेडल घट्ट असतं, तुम्ही जीव खाऊन दाबता, पण गाडी थांबायला तयार नसते. ब्रेक ऑइल उकळलं तर उलटं. पेडल मऊ पडतं आणि फ्लोअरपर्यंत जातं, कारण द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उकळबिंदू ताज्या बाटलीत किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या ऑइलला तीच मर्यादा १५५ आहे. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती ओलावा असतो ते मी सांगायला नको, आणि रोजच्या गाडीचं ब्रेक ऑइल आपल्याकडे किती जण वेळेवर बदलतात तेही तुम्हाला माहीत असेल. की नसेल.

मग तुम्ही म्हणाल, हेच तर सांगतोय, ट्रॅकचे पॅड टाका. टाका. ट्रॅकचा पॅड थंड असताना धरत नाही. तो तापल्यावर कामाला लागतो. सकाळी सोसायटीच्या उतारावरून गाडी काढताना, समोरून शाळेची रिक्षा येत असताना, तुमचा तो ‘चांगला’ पॅड झोपलेला असेल. वर तो किंचाळणार, डिस्क खाणार आणि चाकांवर काळी भुकटी थापणार. अधलेमधले पॅड मिळतात, ‘फास्ट रोड’ म्हणून विकतात. ते मी वापरलेत. रस्त्यावर ठीक, ट्रॅकवर पहिल्या काही लॅप, म्हणजे फेऱ्या, ठीक.

टायरचंही तेच. सेमी-स्लिकवर, म्हणजे ट्रॅकच्या टायरवर, खाचा नावालाच असतात. कोरड्या ट्रॅकवर ते चिकटतात, पण जुलैत हायवेवर साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगू लागते. आणि ट्रॅकसाठी पुढच्या चाकांना उणे अडीच-तीन अंश कॅम्बर द्यायचा, म्हणजे चाकांची वरची बाजू तेवढी आत झुकवायची, आणि त्यावर कोल्हापूर ते चेन्नई नऊशेहून जास्त किलोमीटर सरळ हायवे मारायचा म्हणजे टायरची आतली कड तुमकूरपर्यंतच निम्मी घासलेली. मग येताना काय, आणि ऑफिसला काय? ट्रॅकसाठी तयार केलेली गाडी रोज रस्त्यावर नेणं म्हणजे पैलवानाला लंगोट लावून बँकेत पाठवण्यासारखं आहे. तुम्हाला ती अडचण दिसत नसेल तर माझा नाइलाज आहे.

रोल केजबद्दल, म्हणजे गाडीच्या आत बसवतात त्या नळ्यांच्या पिंजऱ्याबद्दल, तर तुम्ही बोललाच नाहीत, पण ‘रोजचीच गाडी’ म्हणणारा प्रत्येक जण दोन वर्षांनी तिथे पोचतो म्हणून लिहितो. केज हेल्मेट घातलेल्या, हार्नेसने बांधलेल्या चालकासाठी असतो. उघड्या डोक्याने, साध्या पट्ट्यावर बाजारात निघालात आणि कुणी बाजूने धडकलं, तर जी नळी तुम्हाला वाचवायला बसवली तिच्यावरच डोकं आपटतं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे: उत्पादकाने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात बदल करता येत नाही. माझी सिटी म्हणूनच ट्रेलरवर जाते. हौस म्हणून नव्हे.

‘चोचले’ हा शब्द मात्र मला लागला, लपवत नाही. हिशेब मांडू. तुमच्या योजनेत ट्रॅकवर जाते ती गाडी बहुधा हप्त्यावर घेतलेली. ती कठड्याला घासली तर हप्ते चालू, गाडी वर्कशॉपात आणि सोमवारी ऑफिसला बसने. ही भीती डोक्यात घेऊन चालवणारा माणूस प्रत्येक वळणाच्या पन्नास मीटर आधीच ब्रेक मारतो आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतो. मी तसा चालवायचो. माझ्या रोजच्या हॅचबॅकने ट्रॅकवर जात होतो तेव्हा अर्धं लक्ष वळणातून गाडी न्यायच्या रेषेवर आणि अर्धं टेंपरेचरच्या काट्यावर असायचं, कारण त्याच गाडीत दुसऱ्या दिवशी बायको आणि सामान घालून परत यायचं होतं. परतीच्या वाटेवर चित्रदुर्गाच्या अलीकडे पॅडची लोखंडी पाठ डिस्कवर घासायला लागली. हिने काही विचारलं नाही, फक्त रेडिओ बंद केला. सिटी मात्र कर्जमुक्त आहे, तिचं बोनेट दुसऱ्याच्या गाडीचं आहे, आणि उद्या ती गेली तर मी दोन दिवस जेवणार नाही, पण घर चालेल. ट्रॅकची गाडी म्हणजे वेगवान गाडी असं तुम्ही समजून बसलात. जी गमावण्याची तयारी आहे ती ट्रॅकची गाडी. माझ्या सिटीला कुठलीही नवी टर्बो हॅचबॅक सरळ रेषेत मागे टाकेल, टाकू दे.

आणि हे सगळ्यांनी पहिल्याच दिवशी करावं असं मी कुठे म्हटलंय? लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात स्वच्छ लिहिलंय की पहिले काही ट्रॅक डे (आपापली गाडी ट्रॅकवर चालवायचे दिवस) रोजच्याच गाडीने करा, ताजं ऑइल आणि नवे पॅड टाकून, थोड्या थोड्या लॅप मारून. आवड टिकते का ते बघा, मग दुसरी गाडी शोधा. तुम्ही तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोचलात की नाही हे तुम्हालाच ठाऊक.

पार्किंग: माझी गाडी मामाच्या शेडमध्ये असते. सोसायटी: तुमच्या सोसायटीचे नियम मला माहीत नाहीत. इन्शुरन्स: पॉलिसी उघडा, वापराच्या मर्यादांचा मजकूर काढा, त्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली दिसेल. ट्रॅक डे शर्यत असते की नाही यावर कंपनीच्या माणसाशी क्लेम करताना वाद घालायची हौस असेल तर जरूर घाला. बागुलबुवा तिथे भेटेल.

ट्रेलरबद्दल दोन ओळी जास्त लिहायला हव्या होत्या, तर घ्या. एकट्याने ट्रेलर परवडत नाही. आम्ही दोन गाड्या एका फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, पाठवतो आणि स्वतः मागून एकाच गाडीत जातो. इरुंगट्टुकोट्टई बंगळूर-चेन्नई हायवेला लागूनच आहे, चेन्नई शहरात शिरावं लागत नाही, त्यामुळे ट्रकवालेही कुरकुरत नाहीत. भाडं ठरवताना परतीचं आधी ठरवा. ट्रॅक डे संपल्यावर ठरवायला गेलात तर तुम्ही अडलेले असता आणि समोरच्याला ते दिसतं.

याच लेखाखाली दुसऱ्या एका वाचकाने साधा, नेमका प्रश्न विचारला होता आणि या सगळ्यात त्यांचं उत्तर राहून गेलं: ‘ट्रॅकसाठी डॉट ४ च्या जागी डॉट ५ टाकू का? आकडा मोठा आहे.’ नका टाकू. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ४ मध्ये मिसळत नाही, त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकून पेडल मऊ लागतं, आणि एबीएसच्या गाडीत तर नकोच. तुम्हाला हवं ते डॉट ५.१. ते डॉट ४ च्याच जातीचं आहे, ताजं असताना किमान २६० अंशांपर्यंत उकळत नाही. नुसतं वरून ओतू नका, जुनं पूर्ण काढा, चारही चाकांचं ब्लीडिंग करा, म्हणजे नळ्यांतली हवा काढा, आणि फोडलेली बाटली पुढच्या खेपेसाठी ठेवू नका.