जाबदार क्रमांक चार

माणूस गेल्यावर मागे राहिलेल्यांनी काय करावे, याचा तेरा दिवसांचा सविस्तर कार्यक्रम धर्मशास्त्राने आखून दिलेला आहे. चौदाव्या दिवसापासूनचा कार्यक्रम दिवाणी न्यायालयाकडे असतो, हे मात्र तेराव्याला जेवायला आलेल्यांपैकी कोणीही सांगत नाही.

आमच्या वडिलांच्या शेतजमिनीचे काम त्या मानाने सरळ झाले. तलाठ्याकडे (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे असते, परंतु आमच्या गावात तसे कोणी म्हणत नाही) वारस नोंदीचा अर्ज दिला, फेरफाराची १५ दिवसांची नोटीस निघाली, हरकत आली नाही, मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद प्रमाणित केली आणि सातबाऱ्यावर वारसांची नावे चढली. अडले ते तालुक्याच्या एका बँकेतील मुदत ठेवीपाशी, कारण वडिलांनी तिला नॉमिनी नेमलेला नव्हता. अर्थात नेमला असता तरी तो मालक झाला नसता. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा हात असतो, हक्क वारसांचाच राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या बाबतीत १९८४ साली आणि शेअर्सच्या बाबतीत २०२३ साली सांगून ठेवलेले आहे. पण निदान तो हात तरी असता.

“तुमच्यात काही वाद नाही ना?” बँकेच्या व्यवस्थापकांनी विचारले.

“अजिबात नाही,” मी अभिमानाने म्हणालो.

“मग कोर्टातून तसं आणा.”

यामागचे कारण मला पुढे समजले आणि ते वाटले होते तितके दुष्ट नव्हते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली मिळणारे सक्सेशन सर्टिफिकेट हे मुळात वारसाच्या सोयीसाठी नसून पैसे देणाऱ्याच्या संरक्षणासाठी असते. ते पाहून बँकेने सद्भावनेने पैसे दिले आणि उद्या आणखी कोणी वारस उगवला, तर बँक सुटते व त्या वारसाने आमच्याशी भांडायचे असते. म्हणजे खर्च आमचा, हेलपाटे आमचे आणि निश्चिंत झोप बँकेची. (रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या निर्देशांत, वाद नसल्यास सहकारी नसलेल्या बँकांत १५ लाखांपर्यंत आणि सहकारी बँकांत ५ लाखांपर्यंतची रक्कम असल्या प्रमाणपत्राशिवाय देण्याची सोय केली आहे. आमचे वडील त्याआधी गेले.)

तालुक्याच्या न्यायालयासमोर टंकलेखक, झेरॉक्सवाला आणि नोटरी यांची सलग रांग असून त्यांच्यामागे वकीलसाहेब बसतात. त्यांनी कोरा कागद पुढे ओढून पहिलाच प्रश्न विचारला, “भांडण कोणाशी?”

“कोणाशीच नाही.”

त्यांनी पेन खाली ठेवले. बिनभांडणाचा पक्षकार ही त्यांच्या व्यवसायातील अवघड परिस्थिती असावी. मग त्यांनी शांतपणे समजावले की न्यायालयात जायचे तर कागदाला दोन बाजू लागतात. एका बाजूला अर्जदार, मध्ये ‘विरुद्ध’ आणि दुसऱ्या बाजूला जाबदार. त्यामुळे मी अर्जदार झालो. ज्या आईने मला अर्ज करायला पाठवले ती जाबदार क्रमांक एक झाली, जी ताई त्या दिवशी माझ्यासाठी डबा घेऊन आली होती ती क्रमांक दोन आणि धाकटा भाऊ क्रमांक तीन.

“वडिलांच्या आई आहेत?” वकीलसाहेबांनी विचारले.

आजी आहेत, वय ९१. तेव्हा कळले की १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातील वारस असते आणि तिला मुलाच्या स्वतंत्र मिळकतीत पत्नी आणि मुलांइतकाच वाटा मिळतो. बाप मात्र दुसऱ्या वर्गात ढकलला गेला आहे. हे ऐकून आजीला मनापासून आनंद झाला आणि तिने भिंतीवरच्या आजोबांच्या तसबिरीकडे एकवार पाहून घेतले. अशा रीतीने ती जाबदार क्रमांक चार झाली. अर्जात प्रत्येकाचे वय, धंदा आणि राहण्याचे ठिकाण लिहावे लागते. टंकलेखकाने कोणालाही न विचारता आजीपुढे ‘धंदा – काही नाही’ असे टंकले.

वडिलांच्या नावाचे प्रकरण थोडक्यात सांगतो. बँकेत त्यांच्या नावापुढे ‘राव’ होते, आधार कार्डावर नव्हते आणि मृत्यू दाखल्यावर ऱ्हस्व-दीर्घाचा फरक होता. हे तिघेही एकच होते आणि तिघेही वारले आहेत, अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र मी नोटरीपुढे केले.

मग नोटिसा निघाल्या. बेलिफ घरी आला आणि त्याने माझ्याच आईला, माझ्याच समोर, माझ्याविरुद्ध काही म्हणणे असल्यास अमुक तारखेस हजर राहून मांडावे, नपेक्षा अर्जाचा एकतर्फी निकाल होईल, असे वाचून दाखवले. आईने त्याला चहा दिला. आजीने अंगठा उमटवण्यापूर्वी विचारले, “मी काय केलं रे बाबा?” आणि ‘धंदा – काही नाही’ हे वाचून दाखवल्यावर तर ती नोटिशीपेक्षा त्यावरच अधिक संतापली. साठ वर्षे भांगलण, काढणी, मळणी करून शिवाय म्हशी सांभाळलेल्या बाईला काही धंदा नाही, हे सरकारला कोणी कळवले, असा तिचा प्रश्न होता आणि तो बेलिफाच्या अधिकाराबाहेरचा होता.

जाहीर नोटीस स्थानिक वृत्तपत्रातही छापून आली. तिचा परिणाम असा झाला की आमच्या घरात वाद नाही हे सिद्ध करण्यासाठी छापलेला मजकूर वाचून आमच्या घरात मोठा वाद आहे, अशी पंचक्रोशीची खात्री पटली. एका लांबच्या मामांनी तर मध्यस्थी करण्याची तयारी दाखवली. वाद नाही म्हटल्यावर ते खट्टू झाले.

घराच्या जागेसाठी वकीलसाहेबांनी वेगळा वारस दाखला सुचवला. तो मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली मिळतो. म्हणजे पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षे झाली होती तेव्हाचा हा मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टन याच्या कारकिर्दीतील नियम आहे. मी तो वाचून पाहिला. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की वारसाने न्यायालयाकडे आधी अर्ज न करताही मिळकतीचा कारभार हाती घेतला तरी चालेल. हे मी मोठ्या आशेने वकीलसाहेबांना दाखवले. “एल्फिन्स्टनला चालत असेल,” ते म्हणाले, “आपल्या कचेरीतल्या लोकांना चालत नाही.”

तारखांविषयी विशेष लिहिण्यासारखे नाही. तालुक्याच्या न्यायालयात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कामे एकाच न्यायाधीशांपुढे चालतात, त्यामुळे आजी एकदा बाकावर हातभट्टीच्या गुन्ह्यातील दोन आरोपींच्या मध्ये बसली होती व त्यांच्या मुलाबाळांची चौकशी करीत होती. पुकारा झाला तेव्हा शिपायाने मला आणि तिला समोरासमोर उभे केले. न्यायाधीशांनी आजीला विचारले, “अर्जाला तुमची हरकत आहे का?” आजी म्हणाली, “पोरगा माझा गेला, आता कशाची हरकत घेऊ?” न्यायाधीशांनी क्षणभर खाली पाहिले आणि ‘हरकत नाही’ असे लिहून घेतले.

सर्टिफिकेट मिळाले. त्यात ठेवीचा पावती क्रमांक आणि रक्कम अचूक नमूद होती. बँकेने ते उलटसुलट पाहून सांगितले की दरम्यान ठेवीची मुदत संपली, ती आपोआप वाढली आणि नव्या पावतीला नवा क्रमांक पडला. सर्टिफिकेटातील क्रमांकाची ठेव आता अस्तित्वात नाही. आम्ही पुन्हा वकीलसाहेबांकडे गेलो. त्यांनी दुरुस्ती अर्जाचा मसुदा काढला, त्यात मी पुन्हा अर्जदार आणि बाकीचे पुन्हा जाबदार झाले. या वेळी आजी आग्रहाने सोबत आली होती आणि तिने टंकलेखकाच्या शेजारी उभे राहून, दुरुस्ती करायचीच आहे तर तिच्या धंद्याचीही करावी, असे बजावले.

पावती क्रमांकाची दुरुस्ती मंजूर झाली. धंद्याच्या दुरुस्तीसाठी जाबदार क्रमांक चार यांचे स्वतंत्र प्रतिज्ञापत्र लागेल, असे सांगण्यात आले. ते करायला आजी तयार आहे. साक्षीदार म्हणून तिने त्या मध्यस्थ मामांचे नाव दिले आहे.