चार हजार स्क्रीनशॉट आणि एक पत्र्याची ट्रंक

परवा मोबाइलने सांगितलं, जागा संपली. बघितलं तर 'आवडलं' म्हणून ठेवलेल्या चित्रांचे नि फोटोंचे स्क्रीनशॉटच चारेक हजार. डोळे मिटून आठवायला गेलो तर एकही आठवेना. सगळे उडवले. आठवडा झाला, एकाचीही चुकचुक लागलेली नाही.

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात जेमतेम तीसेक वस्तू. आईचा ढालोच्या (बायकांच्या लोकनृत्याच्या) मांडावरचा काळा-पांढरा फोटो, जत्रेतल्या नाटकांची हँडबिलं, मित्राने काढलेलं मांडवीचं जलरंगातलं चित्र. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात घेतलेला एक स्टुडिओतला फोटोही आहे. कुटुंब अनोळखी. मागे रंगवलेला जिना, पुढे पाच माणसं आणि चपला फक्त धाकट्या पोराच्या पायात. त्या चपलांसाठी घेतला. अजून दर वेळी वाटतं, फोटोसाठी मागून आणल्या असतील का?

संग्रह म्हटलं की लोकांना पैसेवाल्यांचं काम वाटतं. माझ्या मते तो फक्त परत परत बघण्याचा हट्ट आहे. आणि गोव्यात थोडा बुरशीशी झगडा. पावसाळ्यात फोटो काचेला चिकटला की सोडवताना निम्मा चेहरा काचेवरच राहतो. म्हणून मध्ये माउंटचा पुठ्ठा हवा, आणि पावसाचा मारा येणाऱ्या भिंतीवर काही टांगू नये. हे शिकायला मला दोन फोटो गमवावे लागले. मांडवीच्या चित्राची कथा वेगळीच. ते फ्रेमच्या मापात बसेना, तर फ्रेमवाल्याने खालची पट्टी कापली. सहीसकट! वर म्हणतो, "सर, आता बरोब्बर बसलं."

काही गोष्टी घरी आणता येत नाहीत, तिथे जावं लागतं. गोव्यातल्या सांग्यात १८७० साली जन्मलेले चित्रकार आंतोनियो त्रिंदाद यांची चित्रं पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेत आहेत. मी जातो आणि एकाच चित्रापुढे थांबतो, बाकीची पुढच्या खेपेला. देवळांच्या भिंतींवरच्या कावी चित्रांचंही तसंच. चुन्याच्या गिलाव्यावर लाल मातीच्या रंगाचा थर द्यायचा नि तो ओला असतानाच खरवडून आतलं पांढरं काढायचं. ते भिंतीचंच अंग. जीर्णोद्धाराच्या नावाखाली त्यावर टाइल्स बसवल्या की संपलं. गावातल्या जुन्या देवळात जाल तेव्हा आधी भिंती बघा, दर्शन पळून जात नाही.

खरी पंचाईत रंगमंचाची. २००८ साली न्यूयॉर्कच्या मोमा संग्रहालयाने टिनो सेहगल या कलाकाराची 'किस' ही कृती विकत घेतली. त्यात दोन माणसं एकमेकांच्या मिठीत संथपणे फिरत असतात, बस्स. कागदावर करार नाही, व्यवहार तोंडी. फोटो, व्हिडिओ काढायचे नाहीत. कृती जगते ती एकाने दुसऱ्याला शिकवली म्हणून. वाचून मला हसूच आलं, कारण जत्रेत रात्री नाटक करणारे आमचे दशावतारी वेगळं काय करतात? लिखित संहिता नाही. रंग लावता लावता आख्यान ठरतं, संवाद उभ्या उभ्या सुचतात. फक्त त्यांना कोणी संग्रहालय विकत घेत नाही, आणि नाइटचे, म्हणजे एका रात्रीच्या प्रयोगाचे, पैसेही लोक घासाघीस करून देतात.

तीन वर्षांपूर्वी पेडण्याकडे एका काल्याला, म्हणजे दशावतारी नाटकाला, मी पहिल्या रांगेत मोबाइल धरून बसलो होतो. मागून एक आजोबा म्हणाले, "शूटिंग करूक इलंस की नाटक बघूक?" मी ओशाळून मोबाइल खिशात घातला. तेव्हापासून नियम केलाय: नाटकात शूटिंग नाही, घरी येऊन झोपण्याआधी वहीत एक पान. कितीही उशीर होवो. सकाळी लिहू म्हटलं की नुसतं 'छान झालं' एवढंच उरतं, हा अनुभव आहे. डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सवात मांडणीकडे पाठ करून सेल्फी काढणारी गर्दी बघतो तेव्हा त्या आजोबांना तिथे नेऊन बसवावंसं वाटतं.

ती वहीही ट्रंकेतच असते. काल्याच्या त्या रात्रीचं पान असं (संकासुर म्हणजे दशावतारातलं हसवणारं पात्र):

"बाराचा सुमार. संकासुराची लाल जीभ सुटून पडली. त्याने ती उचलली, झटकली, काळ्या झग्यात खोचली. म्हणाला, 'जीभ गळली मरे! आता बायलेक जबाब कशान देवचो?' पेटीवाल्याचा सूर चुकला, हसत होता. मागचे आजोबाही."