बॅकअप? एवढी कसली घाई!

बॅकअप घेणाऱ्या माणसांपासून चार हात लांबच राहा. भलती संशयी जात! गूगलसारखी कंपनी इतक्या मायेने, तेही फुकटात, तुमचे फोटो सांभाळत असताना वेगळी हार्ड डिस्क आणून ठेवायची म्हणजे तिच्या तोंडावर अविश्वास दाखवणंच झालं.

ही माणसं तुम्हाला मायस्पेस या जुन्या सोशल साइटचं उदाहरण देतील. सर्व्हर बदलताना लोकांचे जुने फोटो, व्हिडिओ, गाणी सगळं उडालं आणि २०१९ मध्ये ते जगजाहीर झालं. पण कंपनीने दिलगिरी व्यक्त केली, हे मात्र ही मंडळी सांगत नाहीत. वर 'तुमच्या प्रती तुम्ही जपून ठेवाव्यात' असा सल्लाही दिला, म्हणजे सगळं उडून गेल्यावर. याहून जास्त काळजी सख्खे तरी करतात का? गूगलची सोशल साइट ऑर्कुट २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद झाली, पण डेटा उतरवून घ्यायला पुढे दोन वर्षं मुदत होती. मुदत ऐसपैस असली की 'उद्या बघू' म्हणायला मन मोकळं राहतं.

तरीही खुमखुमी असेल, तर गूगल टेकआउट उघडा, म्हणजे गूगलकडचा आपला डेटा उतरवून घ्यायचं पान. काय हवं, काय नको असा विचार न करता सगळ्या चौकोनांवर खुणा राहू द्या. काही तासांनी, कदाचित काही दिवसांनी, 'तुमचा डेटा तयार आहे' अशी मेल येईल. तिला तारा लावा आणि विसरून जा. साधारण आठवड्याभरात त्या मेलमधली लिंक मरते, मग प्रश्नच मिटला. चुकून उतरवलंच, तर झिपचे तुकडे हाती येतील. फोटो एकीकडे आणि तुम्ही त्यांना हौसेने दिलेल्या ओळी दुसरीकडे, जेसन नावाच्या फायलींत. सगळ्या मेलची मिळून एक अगडबंब एमबॉक्स फाइल. तिच्यावर दोनदा क्लिक केलं की संगणक तुम्हालाच विचारतो, हे कशाने उघडू?

यात तक्रारीला जागा नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्याचं कलम २० म्हणतं की डेटा 'यंत्राला वाचता येईल' अशा स्वरूपात द्यावा. यंत्राला. तुमचा उल्लेख आहे का त्यात?

ते झिप ठेवायचे कुठे? त्याच खात्याच्या गूगल ड्राइव्हवर! टेकआउट स्वतःच तशी सोय देतं. खातं लॉक झालं तर मूळ आणि प्रत दोन्ही एकत्र जातात, ताटातूट होत नाही. फुकटातली १५ जीबी जागा भरली, तर तोही एक हिशेब संपला.

सिंक, म्हणजे सगळ्या उपकरणांवर फायली आपोआप सारख्या ठेवण्याची सोय, चालू असलं की बॅकअप झालाच, असं छातीठोक सांगत चला. फोनवरून फोटो पुसल्यावर तो लॅपटॉपवरूनही गेला, तर समजा, सिंक अगदी चोख चाललंय.

आणि घरच्यांच्या धाकाने हार्ड डिस्कवर कॉपी केलीच, तर एक पथ्य पाळा. त्यातली एकही फाइल उघडून बघू नका. बघायला गेलात आणि ती उघडलीच नाही, तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल.