हिडकलच्या माशांची वीण कधी होते? फिरत्या संदेशाला उत्तर

होळीच्या आठवड्यापासून हुक्केरी, संकेश्वर, निपाणी आणि बेळगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्यात चार गोष्टी सांगितल्या आहेत. फाल्गुन-चैत्रात पाणी तापू लागले की हिडकल धरणातला प्रत्येक मासा अंड्यावर येतो, म्हणून आत्ता गळ आणि जाळी बंद ठेवावीत. पाऊस लागला की मासे खुशाल धरावेत. या दिवसांत काठाला मेलेले मासे दिसले तर कोणीतरी पाण्यात विष घातले असे समजावे. आणि चिलापी (तिलापिया) हा प्रयोगशाळेत तयार केलेला मासा असल्याने तो खाऊ नये. संदेश पुढे पाठवणाऱ्यांना धरणातल्या माशांची काळजी आहे, याबद्दल मला शंका नाही. परंतु हा संदेश जसाच्या तसा पाळला गेला तर विणीच्या खऱ्या दिवसांतच मासे मारले जातील, आणि म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

आधी विणीचा मुद्दा घेऊ. हिडकलचा जलाशय घटप्रभा नदीवर आहे, त्याची साठवण सुमारे ५१ टीएमसी आहे, आणि त्यात सापडणारे कटला, रोहू व मृगळ हे मासे मुळात उत्तरेकडच्या गंगेच्या खोऱ्यातले असून आपल्याकडे त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडावी लागते. ती का सोडावी लागते, याच प्रश्नात पहिल्या दाव्याचे उत्तर आहे. हे मासे साचलेल्या पाण्यात सहसा वीतच नाहीत. त्यांना पावसाळ्यातले गढूळ, वाहते, चढते पाणी लागते. तळ्यात ठेवलेल्या माशांना पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांच्याकडून अंडी घालून घेण्याची पद्धत हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली ओडिशातल्या अंगुल येथे यशस्वी केली, तोपर्यंत या माशांचे बी, म्हणजे इवली पिल्ले, मुख्यतः नदीच्या पुरातून गोळा करावे लागे. त्या यशाची तारीखसुद्धा १० जुलै, म्हणजे ऐन पावसाळ्यातली आहे. फाल्गुनात या माशांच्या पोटातली अंडी तयार होण्याच्या वाटेवर असतात, घालण्याजोगी झालेली नसतात.

संदेशात एका माशापुरते मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य केले पाहिजे. सायप्रिनस (कॉमन कार्प) साचलेल्या पाण्यात वितो, आणि आपल्याकडे त्याच्या विणीचा एक मोठा हंगाम जानेवारी ते मार्च असतो. मागच्या फाल्गुनात सकाळी काठावर एकाच जाळ्यातले दोन मासे माझ्यासमोर साफ केले गेले. रोहूच्या पोटात फिकट, बोटभर जाडीची पट्टी निघाली, तिच्यातले दाणे सुटेही होत नव्हते. सायप्रिनसच्या पोटावर नुसता अंगठा टेकला तर पिवळसर अंडी ओघळून हाताला चिकटली. हीच चिकट अंडी तो उथळ पाण्यातल्या शेवाळाला आणि जलपर्णीच्या मुळांना लावून ठेवतो, आणि ती फुटायला साधारण दोन ते तीन दिवस लागतात. या दिवसांत शेतीसाठी पाणी सोडल्यामुळे जलाशयाची पातळी उतरत असते. रात्री पाण्यात असलेले शेवाळ दोन दिवसांनी चिखलावर पडलेले आणि त्यावरची अंडी साबुदाण्याच्या कण्यांसारखी वाळून पांढरी झालेली मी पाहिली आहेत. सायप्रिनसच्या विणीचे नुकसान गळ टाकणाऱ्यांपेक्षा उतरत्या पाण्याने अधिक होते, असे माझे मत आहे. तरीही काठच्या शेवाळात जोडीने किंवा घोळक्याने खळबळ करणारे सायप्रिनस दिसले तर तेथे जाळे टाकू नये, एवढी सूचना संदेशात असती तर मी ती आनंदाने पुढे पाठवली असती.

वसंतात मासेमारी बंद ठेवण्याची कल्पना थंड देशांतून आली असावी. इंग्लंडमधल्या नद्यांवर १५ मार्च ते १५ जून या काळात बऱ्याच माशांसाठी गळ टाकायला मनाई असते, कारण तिकडचे बरेच मासे हिवाळा सरल्यावर अंडी घालतात. त्या पाण्याचे पंचांग आपल्या पाण्याला लागू पडत नाही.

दुसरा दावा सर्वांत घातक आहे. मृग लागतो, चंदगडच्या डोंगरात पाऊस कोसळतो, ताम्रपर्णी आणि घटप्रभा गढूळ होऊन जलाशयात उतरतात, आणि अंड्यांनी भरलेले मासे त्या नव्या पाण्याच्या उलट दिशेने ओढ्यानाल्यांत, भातखाचरांतही शिरतात. हेच चढणीचे मासे. त्या चार-आठ दिवसांत ओढ्याच्या तोंडाला बांध घालून, मच्छरदाणीची कापडे लावून, काठ्यांनी झोडपून पाट्या भरून मासे नेले जातात, आणि त्यांतल्या कित्येक माद्यांची पोटे पाट्यांतच फुटलेली असतात. किलोभर वजनाच्या कटला किंवा मृगळ मादीच्या पोटात लाखाहून अधिक अंडी असतात. चढणीचे मासे खाणे ही आपल्याकडची जुनी आवड आहे आणि तिच्यावर एकदम बंदी घाला असे मी म्हणत नाही. पण पावसाळ्यात खुशाल धरा, असे लिहून ते शेकडो लोकांना पाठवणे हे संदेशाच्या स्वतःच्याच हेतूच्या विरुद्ध आहे. थांबायचेच असेल तर जून ते ऑगस्ट थांबावे.

मेलेल्या माशांविषयीचा दावा अर्धवट आहे. विष किंवा स्फोटके वापरून मासे मारणे १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे, आणि तसे प्रकार घडत नाहीत असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु तापत्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यातच शेवाळ माजलेले असेल तर ते दिवसा प्राणवायू सोडते आणि रात्री स्वतःच वापरते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंडे उघडीमिटी करत असतील, मेलेल्यांत मोठे मासे अधिक असतील आणि ऊन चढल्यावर उरलेले सावरत असतील, तर कारण बहुधा प्राणवायूचे असते. लहानमोठे मासे, झिंगे आणि बेडूक एकदम मेलेले दिसले तर विषाचा संशय घ्यावा, पाण्याला हात लावू नये आणि मत्स्यव्यवसाय खात्याला त्याच दिवशी कळवावे, कारण याच जलाशयाचे पाणी बेळगाव शहर पिते. कोणाचेही नाव घेऊन गटावर आरोप करण्याने त्यातले काहीच साधत नाही. गेल्या पंधरवड्यात असा आरोप झालेल्या एका परवानाधारक मासेमाराचा माल दोन बाजार तसाच परत गेला.

राहिली चिलापी. ती मूळची आफ्रिकेच्या आग्नेय भागातल्या नद्यांतली असून १९५२ साली भारतात आणली गेली. ती कोणत्याही प्रयोगशाळेत तयार झालेली नाही. आफ्रिकन मांगूर हा मासा, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, त्याच्या पालनावर बंदी आहे, आणि संदेश लिहिणाऱ्याने या दोहोंची गल्लत केलेली दिसते. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा विते, आणि तिची संख्या वाढली की सोडलेल्या बोटुकलीचे खाद्य कमी पडते. स्वच्छ पाण्यातली ताजी चिलापी खाण्यात काहीही गैर नाही, आणि फाल्गुनात गळाला काय लागावे असे कोणी विचारले तर मी तिचेच नाव आधी सांगेन.